अक्षरांमागचा सैनिक : सैन्यदलांतील संक्षिप्त नावे आणि निवृत्तांच्या आठवणी

सातारा जिल्ह्यातील खेडे असो, गढवालमधील असो वा पंजाबातील. सैन्यात गेलेल्या मुलाला घरून जाणाऱ्या पत्रावर तो राहत असलेल्या ठिकाणाचे नाव कधीच नसे. सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटणीचे संक्षिप्त नाव आणि शेवटी ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढाच तो पत्ता. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पहिल्या क्रमांकाची डाक दिल्लीमार्गे, तर दुसऱ्या क्रमांकाची कोलकातामार्गे जाई. १९७२ मध्ये देशात पिनकोड पद्धती सुरू झाली, तेव्हाही नऊ या आकड्याने आरंभ होणारा विभाग लष्करी डाकसेवेसाठी राखून ठेवण्यात आला. मुलगा सीमेवर आहे की छावणीत, हे पत्र लिहिणाऱ्या आईवडिलांना ठाऊक नसले तरी पत्र त्याच्यापर्यंत पोहोचत असे. कारण त्या चार-सहा अक्षरांचा अर्थ यंत्रणेला पक्का माहीत होता.

सैन्यदलांतील संक्षिप्त नावांचा विचार सामान्यतः स्पर्धा परीक्षेतील एका गुणाच्या प्रश्नापुरता केला जातो. प्रत्यक्षात ही अक्षरे सैनिकाचे काम, त्याचे कौशल्य, त्याचा हक्क आणि त्याच्या आठवणींचे स्थान निश्चित करतात. सेवेत असताना ती सर्वांना वाचता येतात. सेवेबाहेर पडताच ती मुकी होतात. ‘तो मिलिटरीत होता’ या एका वाक्यात वीस वर्षांची विशिष्ट सेवा विरघळून जाते. या विरघळण्याची आर्थिक व ऐतिहासिक किंमत कोणती आणि ती कशी कमी करता येईल, हा या विषयाचा गाभा आहे.

अक्षरांची रचना

भारतीय लष्कराची विभागणी स्थूलमानाने लढाऊ शाखा आणि सेवा शाखा अशी केली जाते. पायदळ, चिलखती दल, यांत्रिक पायदळ, तोफखाना, अभियंता दल, सिग्नल्स, हवाई संरक्षण दल इत्यादी पहिल्या गटात मोडतात. दुसऱ्या गटात एएससी म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअर, एओसी म्हणजे आर्मी ऑर्डनन्स कोअर, ईएमई, एएमसी म्हणजे आर्मी मेडिकल कोअर, आरव्हीसी म्हणजे रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअर, सीएमपी म्हणजे लष्करी पोलिस आदींचा समावेश होतो. धान्य, इंधन व वाहतूक एएससीकडे. शस्त्रे, दारूगोळा व सामग्रीचा साठा एओसीकडे. यंत्रे, वाहने व इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुरुस्ती ईएमईकडे. जखमींचे उपचार एएमसीकडे, अशी ही श्रमविभागणी आहे. रणांगणावरील प्रत्येक बंदुकीमागे किती हातांचे श्रम उभे असतात, याची कल्पना या यादीवरून येते.

नौदलात जहाजाच्या नावापूर्वी आयएनएस ही अक्षरे येतात, तर कमांडच्या नावांत दिशा दिसते. डब्ल्यूएनसी म्हणजे मुंबईस्थित पश्चिम नौदल कमांड. तटरक्षक दल म्हणजे आयसीजी हे संरक्षण मंत्रालयाच्या अधीन असले तरी तिन्ही सेनादलांत गणले जात नाही. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ आणि एसएसबी ही गृह मंत्रालयाच्या अधीन असलेली केंद्रीय सशस्त्र पोलिस दले आहेत. आसाम रायफल्सची स्थिती वेगळी आहे. तिचे प्रशासन गृह मंत्रालयाकडे, तर कार्यात्मक नियंत्रण लष्कराकडे असते.

एक अक्षर, अनेक अर्थ

संदर्भ बदलला की तीच अक्षरे वेगळा अर्थ धारण करतात. लष्करात एओसी हे एका कोअरचे नाव आहे, तर हवाई दलात त्याच अक्षरांचा अर्थ एअर ऑफिसर कमांडिंग असा होतो. एडीसी म्हणजे आर्मी डेंटल कोअर. पण राष्ट्रपती किंवा राज्यपालांसमवेत असणारा एडीसी हा त्यांचा परिसहायक असतो. बीईजी म्हणजे बेंगॉल इंजिनिअर ग्रुप की बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, हे पुढे रुडकी लिहिले आहे की खडकी, यावरून ठरते. पदवीधर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सीडीएस ही सैन्यात अधिकारी होण्यासाठीची परीक्षा असते; १ जानेवारी २०२० पासून तेच चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ या पदाचेही संक्षिप्त नाव झाले. एसएससी हे तर सर्वांत बोलके उदाहरण. महाराष्ट्रात ती शालान्त परीक्षा, केंद्रीय भरतीत कर्मचारी निवड आयोग आणि सैन्यात शॉर्ट सर्व्हिस कमिशन.

काही अक्षरे कायम राहिली आणि त्यांचा अर्थ पालटला. ईएमईमधील पहिला ‘ई’ पूर्वी इलेक्ट्रिकल या शब्दाचा होता. तंत्रज्ञान बदलल्यावर तो इलेक्ट्रॉनिक्सचा झाला. काही अक्षरे गळून पडली. स्वातंत्र्यपूर्व काळातील आरआयएएससी, आरआयएन आणि आरआयएएफ या नावांतील आरंभीचा ‘आर’ म्हणजे ‘रॉयल’. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि तो ‘आर’ नाहीसा झाला. युद्धनौकांच्या नावांपूर्वीचे एचएमआयएस जाऊन आयएनएस आले. व्हॉइसरॉयच्या नावाने ओळखला जाणारा व्हीसीओ हा अधिकारीवर्ग जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, या नावाने ओळखला जाऊ लागला. सत्तांतराचा इतिहास जसा संविधानाच्या कलमांत आहे, तसाच तो या लहानशा अक्षरबदलांतही नोंदलेला आहे.

अक्षरांवर उभे असलेले हक्क

संक्षिप्त नाव केवळ ओळख देत नाही. ते हक्काची कक्षा ठरवते. लष्कर, नौदल किंवा हवाई दलातून विहित अटींनुसार निवृत्त झालेली व्यक्ती ‘माजी सैनिक’ या व्याख्येत येते. बीएसएफचा जवान सीमेवर आयुष्य घालवूनही या व्याख्येत येत नाही. त्याच्यासाठी २०१२ मध्ये ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलिस दल कर्मचारी’ अशी स्वतंत्र संज्ञा निश्चित करण्यात आली. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांना नवी अंशदायी निवृत्तिवेतन पद्धती लागू झाली. तिन्ही सेनादले तिच्यातून वगळण्यात आली. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत त्यानंतर भरती झालेले जवान मात्र तिच्या कक्षेत आले. एकाच सीमेवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या वृद्धापकाळाचे अर्थकारण असे अक्षरांनुसार वेगळे होते.

सेनादलांच्या अंतर्गतही हा भेद दिसतो. निवृत्तिवेतनासाठी जवानाला सामान्यतः १५ वर्षांची, तर अधिकाऱ्याला २० वर्षांची अर्हताकारी सेवा आवश्यक असते. एसएससी अधिकाऱ्याची सेवा १० आणि वाढीव ४ अशी १४ वर्षांची असल्याने ती या मर्यादेखाली राहते. १९९२ पासून वैद्यकीय सेवांखेरीज इतर शाखांतही अधिकारी म्हणून दाखल झालेल्या महिलांच्या दृष्टीने एसएससी आणि पीसी, म्हणजे पर्मनंट कमिशन, यांतील अंतर म्हणूनच केवळ बढतीचे नव्हते. ते निवृत्तिवेतनाचेही होते. फेब्रुवारी २०२० मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लष्कराच्या संबंधित शाखांतील महिला अधिकाऱ्यांचा पर्मनंट कमिशनसाठी विचार करणे बंधनकारक केले.

‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही योजना इंग्रजी आद्याक्षरांनी ओआरओपी म्हणून ओळखली जाते. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिचा आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू करण्यात आली. निवृत्ती कोणत्याही वर्षी झालेली असो, समान हुद्दा व समान सेवाकाळ असलेल्यांना समान निवृत्तिवेतन मिळावे आणि दर पाच वर्षांनी त्याची फेरनिश्चिती व्हावी, हे तिचे सूत्र आहे. ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. २००४ मध्ये संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याण विभाग स्थापन झाला. पुनर्वसनासाठी डीजीआर, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालय, आणि कल्याणकार्यासाठी केएसबी, म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्ड, ते जिल्हा सैनिक कार्यालयांपर्यंतची साखळी कार्यरत आहे.

ही साखळी वापरण्यासाठी मात्र अक्षरे वाचता यावी लागतात. प्रत्येक रेजिमेंट वा कोअरचे स्वतंत्र अभिलेख कार्यालय असते. तोफखान्याचे नाशिक रोड येथे, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला, एएमसीचे लखनौला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तर महार रेजिमेंटचे सागर येथे आहे. जवानाचा विवाह, अपत्यांचा जन्म यांसारख्या घटनांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे होते, निवृत्तिवेतनाचा आदेश पीपीओ या नावाने ओळखला जातो. जवानाच्या पश्चात त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळवायचे असेल, तर या दोन कागदांतील नाव व जन्मतारीख तिच्या इतर कागदपत्रांशी जुळावी लागते. पती हयात असताना त्या कागदांचा अर्थ घरात कोणी विचारलेला नसतो. त्याच्या मृत्यूनंतर तोच अर्थ तिच्या उपजीविकेचा आधार ठरतो. २०२१ पासून सुरू झालेल्या ‘स्पर्श’ या संगणकीय निवृत्तिवेतन प्रणालीमुळे पत्रव्यवहार कमी झाला असला, तरी मूळ नोंद अचूक असण्याची गरज तितकीच आहे.

कौशल्याचे भाषांतर

दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक सेवामुक्त होतात आणि त्यांतील बहुतेकांचे वय ३५ ते ४५ च्या दरम्यान असते. सैन्य तरुण राखायचे, तर निवृत्ती लवकर येणे अपरिहार्य आहे. नागरी नोकरदार ज्या वयात मुलांच्या शिक्षणाची तरतूद करत असतो, त्याच वयात सैनिक दुसऱ्या व्यवसायाच्या शोधात बाहेर पडतो.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात सर्वत्र उपयोगी पडणारे सामान्य प्रशिक्षण आणि एकाच संस्थेत उपयोगी पडणारे विशिष्ट प्रशिक्षण असा भेद केला. लष्करी प्रशिक्षणाचा काही भाग नागरी क्षेत्रात अत्यंत उपयुक्त असतो व काही भाग फारसा उपयोगी पडत नाही, हेही त्याने दाखवून दिले. ईएमईतील वाहन-तंत्रज्ञ, एएमसीतील परिचर्या साहाय्यक, सिग्नल्समधील संदेशवहन तंत्रज्ञ, एएससीतील चालक व भांडारपाल यांची कौशल्ये पहिल्या प्रकारात मोडतात. पायदळातील ‘जीडी’, म्हणजे जनरल ड्यूटी, सैनिकाची स्थिती अधिक कठीण असते. त्याच्या ठायी तुकडीचे नेतृत्व, संकटातील शिस्त, नकाशावाचन, साधनसामग्रीचा हिशेब हे सर्व गुण असतात. परंतु ‘जीडी’ या दोन अक्षरांत त्यांपैकी काहीच दिसत नाही.

येथे माहितीची विषमता निर्माण होते. डिस्चार्ज बुकातील नोंद नागरी नियोक्त्याला वाचता येत नाही आणि आपण काय करू शकतो हे नागरी भाषेत कसे सांगावे, हे निवृत्त सैनिकाला अनेकदा उमगत नाही. परिणामी सर्वांना एकाच साच्यात बसवले जाते आणि तो साचा बहुधा सुरक्षा रक्षकाचा असतो. ते काम कमी प्रतीचे नव्हे. परंतु रडार दुरुस्त करणारा हात केवळ फाटक उघडण्यासाठी वापरला गेला, तर त्याच्या प्रशिक्षणावर झालेल्या सार्वजनिक खर्चाचा परतावा देशाला मिळत नाही.

हे भाषांतर घडवण्यासाठी काही पावले उचलली गेली आहेत. १५ वर्षे सेवा केलेला शालान्त परीक्षा उत्तीर्ण माजी सैनिक गट ‘क’ मधील पदवी आवश्यक असलेल्या पदांसाठी, विहित अटींवर, पात्र धरला जातो. केंद्रीय सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँकांमध्ये गट ‘क’ मध्ये साडेचौदा टक्के आणि गट ‘ड’ मध्ये साडेचोवीस टक्के जागा माजी सैनिकांसाठी, त्यांतील साडेचार टक्के अपंग माजी सैनिक व हुतात्म्यांच्या अवलंबितांसाठी, राखीव ठेवण्याची तरतूद आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यामुळे लष्करी कामांना नागरी स्तरांशी जोडण्याचा मार्ग खुला झाला.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाची निकड वाढवली. या योजनेनुसार अग्निवीराची सेवा चार वर्षांची असून त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत उमेदवार पुढे नियमित सेवेत घेतले जाऊ शकतात. उर्वरित तरुण सेवानिधी घेऊन, निवृत्तिवेतनाविना, बाहेर पडतात. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास दाखल झाल्या. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून त्यांचा सेवाकाळ संपू लागतो. सेवाकाळातील कौशल्य-प्रशिक्षणाला पदवीचे श्रेयांक देणारा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम हा याच उद्देशाने आखण्यात आला. पूर्वीच्या निवृत्त जवानापाशी निवृत्तिवेतनाचा आधार असे. अग्निवीरापाशी त्याचे प्रमाणपत्र असेल, आणि ते नियोक्त्याला वाचता येणे अधिकच महत्त्वाचे ठरेल.

आठवणींचा पत्ता

कौशल्याप्रमाणेच आठवणीलाही पत्ता लागतो. पहिल्या महायुद्धात भारतातून १३ लाखांहून अधिक माणसे सेवेत गेली आणि सुमारे ७४ हजार मृत्युमुखी पडली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. त्या युद्धात या एका गावातील ४६ जणांनी प्राण गमावले. संख्या उरली, अनुभव फारसे उरले नाहीत. फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय सैनिकांच्या पत्रांतील काही उतारे आज वाचावयास मिळतात, ते कोणी इतिहासासाठी जपले म्हणून नव्हे. लष्करी सेन्सॉरने सैनिकांचे मनोधैर्य तपासण्यासाठी त्यांची भाषांतरे करून अहवालांत जोडली होती. सैनिकाचा आवाज टिकला, तो त्याच्यावरील देखरेखीचे उपफल म्हणून.

स्वातंत्र्यानंतरही आठवणी लिहिल्या त्या प्रामुख्याने अधिकाऱ्यांनी. १९६२ च्या युद्धात सातव्या पायदळ ब्रिगेडचे नेतृत्व करून युद्धबंदी झालेले ब्रिगेडिअर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे आत्मकथन १९८६ मध्ये आले. ‘ओआर’ म्हणजे अदर रँक्स या दोन अक्षरांत सामावलेल्या बहुसंख्य जवानांनी, आणि त्यांतही सेवा शाखांतील माणसांनी, फारच थोडे लिहिले. परिणामी युद्धाचे जे चित्र समाजापुढे येते, त्यात चढाई दिसते. त्या चढाईपर्यंत शिधा, दारूगोळा आणि रस्ता कसा पोहोचला, ते दिसत नाही. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे गोळीबारात दूर करून रणगाड्यांना वाट मोकळी करून देणारे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे अभियंता दलाच्या बॉम्बे सॅपर्सचे होते. त्यांच्या नावापुढे ‘पीव्हीसी’, म्हणजे परमवीर चक्र, ही अक्षरे लागली म्हणून ती कामगिरी सर्वज्ञात झाली. ज्यांच्या नावापुढे अशी अक्षरे लागली नाहीत, त्यांच्या कामाची नोंद त्यांच्या स्मरणातच असते.

निवृत्त सैनिकाच्या आठवणीत रणनीती क्वचित असते. त्यात थंडी असते, रस्ता असतो, साथीदार असतो आणि घरून आलेले पत्र असते. हिवाळ्यात झोजिला खिंड बंद होण्यापूर्वी लडाखमधील ठाण्यांसाठी महिनोन्‌महिन्यांचा शिधा व इंधन साठवावे लागे. ट्रकांच्या त्या तांड्यात चालक असलेल्या एएससीच्या जवानाचे स्मरण हे सीमाभागातील दळणवळणाच्या इतिहासाचे प्राथमिक साधन आहे. अर्थात स्मरण चुकू शकते. तारखा सरकतात, ऐकलेले पाहिल्यासारखे वाटू लागते. म्हणूनच ते लिखित नोंदीशी ताडून पाहावे लागते. लष्करात ही नोंद युद्ध-दैनंदिनीत, हवाई दलात मोहिमांच्या नोंदवहीत, तर नौदलात जहाजाच्या कार्यवाही-पत्रांत असते. या तिन्हींपर्यंत पोहोचण्याची किल्ली एकच : तुकडीचे नेमके नाव. ‘आजोबा बासष्टच्या लढाईत होते’ ही कौटुंबिक कथा असते. आजोबांचे दल, कंपनी, क्षेत्र आणि वर्ष यांसह तीच आठवण नोंदली, तर ती पडताळता येणारा पुरावा होते.

या दृष्टीने संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेले युद्धेतिहासविषयक धोरण महत्त्वाचे आहे. सेनादलांनी आपले अभिलेख मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवावेत. ते साधारणतः २५ वर्षांनी अवर्गीकृत व्हावेत. युद्ध वा मोहीम संपल्यापासून दोन वर्षांत संयुक्त सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी व त्यानंतर तीन वर्षांत इतिहास संकलित करावा, असे त्यात नमूद आहे. युद्धेतिहास लिहिले जावेत व अभिलेख खुले करण्याचे स्पष्ट धोरण असावे, अशी शिफारस कारगिल संघर्षानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती. अभिलेख खुले होतील, तेव्हा त्यांच्याशी ताडून पाहण्यास आठवणीही उपलब्ध असायला हव्यात.

समारोप

१९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ चे साक्षीदार त्याहून वृद्ध आहेत, आणि १९६२ चे तर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच अनेक तालुक्यांत उरले असतील. अभिलेख २५ वर्षे थांबू शकतात. माणसे थांबू शकत नाहीत. जिल्हा सैनिक कार्यालयांकडे माजी सैनिकांची यादी असते, महाविद्यालयांत इतिहासाचे व अर्थशास्त्राचे विद्यार्थी असतात आणि ध्वनिमुद्रणाचे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. या तिघांची सांगड घालण्यास मोठ्या निधीची गरज नाही. आवश्यकता आहे ती योग्य प्रश्न विचारण्याची. कोणते दल, कोणती तुकडी, कोणते काम, कोणते वर्ष : या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवृत्त सैनिकाचे कौशल्य नियोक्त्याला, हक्क कुटुंबाला आणि आठवण इतिहासकाराला वाचता येते.

राष्ट्रीय युद्धस्मारकावर २०१९ मध्ये २५,९४२ हुतात्म्यांची नावे कोरण्यात आली. जे परतले, त्यांची नावे दगडावर नसतात. ती डिस्चार्ज बुकात आणि जुन्या पोस्टकार्डावरील पत्त्यात असतात. ती अक्षरे सोडवून वाचण्याचे काम त्यांच्या हयातीतच व्हायला हवे.